फिरते बिनतारी संवेदकजाळे (घुसखोरीचा शोध)

आवारात चोरून शिरणाऱ्याची चाहूल घेण्यासाठी छोट्या चाकांच्या यंत्रांवर किंवा ड्रोनवर संवेदक (सेन्सर) बसवून, ते रेडिओने एकमेकांना जोडून केलेली पहाऱ्याची व्यवस्था. अशा प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात; त्यात संवेदक, मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक), रेडिओ आणि बॅटरी असते. इशारा एका नोडकडून दुसऱ्याकडे जात मुख्य केंद्राला पोहोचतो.

ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला यातली मेख किल्ल्याकडे पाहूनच कळावी. ऑगस्ट १७८० मध्ये, किल्ला महादजी शिंद्यांच्या ताब्यात असताना, कॅप्टन पॉफमच्या इंग्रजी फौजेने रात्री शिड्या लावून तो घेतला. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायांतल्या जोड्यांत कापूस भरला होता, आणि तटावरच्या गस्तीचे दिवे पुढे सरकेपर्यंत ते खाली थांबून राहिले. पहारा होता, तो फिरताही होता. पण तो कुठे आहे हे शत्रूला खालून दिसत होते. म्हणून नोडने कधी कुठे वळावे हे शक्यतो आधी ठरवून ठेवत नाहीत.

जागेवरच्या संवेदकाच्या टापूबाहेरचा भाग कायमचा आंधळा राहतो. १० मीटर पल्ल्याचा संवेदक बसल्या जागी सुमारे ३१४ चौरस मीटर पाहतो. तोच सेकंदाला १ मीटर वेगाने सरळ चालला, तर १० मिनिटांत सुमारे १२,३०० चौरस मीटर नजरेखालून घालतो. अर्थात एका क्षणी त्याला दिसतात ते ३१४च. त्यामुळे दबा धरून बसलेला माणूस आज ना उद्या सापडतो, धावत पार होणारा मात्र निसटू शकतो.

खरी अडचण उष्णतेची. शरीराची अवरक्त ऊब टिपणाऱ्या पीआयआर संवेदकात दोन पट्ट्या असतात. ऊब आधी एकीवर, मग दुसरीवर पडली की हालचाल कळते. पण यंत्रच चालू लागले, तर समोरचे सगळे दृश्य हलते आणि तापलेला दगडसुद्धा चोर ठरतो. म्हणून नोड थांबतो, कानोसा घेतो, मग पुढे जातो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात दगड शरीराइतकाच गरम असला, की माणूस त्यात विरघळून जातो; अशा वेळी जमिनीची थरथर टिपणारा जिओफोन किंवा रडार जोडीला लागतो.

चालण्यात बॅटरी भराभर संपते. त्यामुळे कडेने स्थिर संवेदक रोवून, त्यांनी इशारा दिला की जवळचा फिरता नोड खातरजमेला धाडणे, ही मिश्र रचना अधिक परवडते.