बांधावरचं तण आणि पेनड्राइव्हचा मावा

श्रावणात रावेर तालुक्यात दाजींकडे गेलो होतो. भाचीच्या लग्नाचे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये होते आणि तो पेनड्राइव्ह अल्बमच्या निमित्ताने एका दुकानातून फिरून आला होता. घरच्या संगणकाला लावला तर ‘हळद’, ‘लग्न’, ‘सत्यनारायण’ ही फोल्डरं दिसत होती, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण होता आणि आकार फक्त २ केबी. दाबलं की ‘फाइल सापडत नाही’ अशी चौकट यायची. “फोटू कथा ग्यात मंग?” दाजी विचारत होते. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराने निदान आधीच करून टाकलं होतं: “विंडोज काढा, लिनक्स टाका. लिनक्सला व्हायरस लागतच नाही.”

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, संगणक चालवणारी दुसरी प्रणाली. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. लिनक्सच्या जागी कधी ॲपलचा ‘मॅक’ असतो, इतकाच फरक.

आधी फोटोंचं सांगतो. माझ्या पिशवीत लिनक्स असलेला जुना लॅपटॉप होता. त्याला पेनड्राइव्ह लावला आणि सगळी फोल्डरं जागच्या जागी, भरलेली दिसली. पोराचा चेहरा खुलला. पण यात लिनक्सचा चमत्कार काही नव्हता. पेनड्राइव्हवर प्रत्येक फाइलची किंवा फोल्डरची एक नोंद असते, सातबाऱ्यावर असते तशी. नेहमीच्या फॅट ३२ पद्धतीत ही मूळ नोंद ३२ बाइटांची. पहिले ११ बाइट नावाचे आणि बारावा गुणधर्मांचा. ‘हे फोल्डर आहे’ याचे १६, ‘लपवून ठेवा’ याचे २, ‘ही सिस्टिमची वस्तू आहे’ याचे ४. व्हायरसने १६ चे २२ केले होते. बस, एवढंच. विंडोज २२ बघून ते फोल्डर दाखवत नाही, लिनक्स या खुणेला भीक घालत नाही. फोटो हललेही नव्हते.

मग बाणवाली फोल्डरं कुठली? ते शॉर्टकट. त्या २ केबींत एक आज्ञा लिहिलेली असते: आधी माझी लपवलेली स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) चालव, मग खरं फोल्डर उघड. माणसाला फोटो दिसतात, त्याला संशय येत नाही, आणि तोवर संगणक बाधित झालेला असतो. दाजींच्या विंडोजमधल्या डिफेंडर या अंगच्या अँटिव्हायरसने स्क्रिप्ट पेनड्राइव्ह लावताच उडवली होती, म्हणून मागे नुसते मुके शॉर्टकट उरले. म्हणजे ज्याला शिव्या चालल्या होत्या त्या विंडोजने आपलं काम केलं होतं. ‘ॲट्रिब’ ही आज्ञा देऊन २२ चे पुन्हा १६ केले, शॉर्टकट पुसले, पाच मिनिटांत काम झालं.

आता मला आवडणाऱ्या भागाकडे येतो. विंडोजचा व्हायरस लिनक्सवर का चालत नाही? प्रोसेसर तर तोच. बेरीज करण्याची आज्ञा दोन्हीकडे अक्षरशः तीच. पण कुठलाही साधा प्रोग्रॅम डिस्कला स्वतः हात लावू शकत नाही. तो कर्नलकडे, म्हणजे संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याकडे, अर्ज करतो, आणि अर्जावर मजकूर नसतो, क्रमांक असतो. आजच्या ६४ बिट इंटेल संगणकावर लिनक्समध्ये ० म्हणजे वाच, १ म्हणजे लिही, २ म्हणजे फाइल उघड. मॅकच्या यादीत ‘लिही’चा क्रमांक ४. विंडोजमध्ये हे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून तिथले प्रोग्रॅम थेट क्रमांक न देता विंडोजने पुरवलेल्या मधल्या लायब्ररींमार्फत अर्ज करतात. त्या लायब्ररी लिनक्सवर नसतातच. शिवाय त्याही आधी दारावर तपासणी होते. विंडोजच्या चालणाऱ्या फाइलचे पहिले दोन बाइट ७७ आणि ९० असतात, म्हणजे एम आणि झेड. मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं, डॉसच्या काळापासून चिकटलेली. लिनक्स मात्र १२७ आणि पुढे ई-एल-एफ शोधतो. ती खूण नसली की कर्नल ती फाइल चालवायला नकार देतो.

थोडक्यात, लिनक्सवर तो व्हायरस परक्या मुलखात असतो. लिनक्स सोवळा आहे असं नाही. लिनक्ससाठी लिहिलेला व्हायरस लिनक्सवर व्यवस्थित चालतो. सामान्य लोकांच्या संगणकांत मोकाट पसरलेला पहिला व्हायरस, १९८२ चा एल्क क्लोनर, ॲपलच्या संगणकावरचा होता. एका शाळकरी मुलाने लिहिलेला. १९८८ च्या मॉरिस वर्मने, लिनक्स ज्या वळणावर बनला त्या युनिक्सची यंत्रं आडवी केली. २०१२ मध्ये फ्लॅशबॅकने जावामधल्या फटीतून सहा लाखांवर मॅक गाठले.

दाजी केळीवाले. त्यांना मी क्रमांक आणि बाइट सांगत बसलो तेव्हा त्यांनी सुपारी कातरायला घेतली. मग त्यांच्याच बागेतलं उदाहरण घेतलं. केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात, तो मूळचा काकडीवर्गाचा विषाणू. पानांवर पिवळे पट्टे येतात, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो. हा विषाणू बांधावरच्या कितीतरी तणांत मुक्काम करतो, आणि त्यातली काही तणं दिसायला ठणठणीत असतात. तिथून मावा ही बारीक कीड तो उचलते. सोंड काही सेकंद खुपसली तरी पुरतं. माव्याला स्वतःला काही होत नाही. लिनक्सचा संगणक हा त्या तणासारखा आणि पेनड्राइव्ह माव्यासारखा. डिफेंडरने उडवली नसती आणि माझ्या लॅपटॉपवरून ती स्क्रिप्ट मी दुसऱ्याला कॉपी करून दिली असती तर माझं काही बिघडलं नसतं, त्याचं मात्र बिघडलं असतं. “म्हणून तर बांधावरचं तण काढायला सांगतात,” दाजी म्हणाले. लिनक्सवाल्यानेही क्लॅम एव्हीसारखं व्हायरस शोधणारं मोफत साधन ठेवून आलेल्या फाइली तपासाव्यात, त्या या शेजारधर्मासाठी.

आणि काही रोग सगळीकडे चालतात. १९९५ चा कन्सेप्ट हा मॅक्रो व्हायरस, म्हणजे वर्डच्या कागदपत्रातच दडवलेल्या आज्ञांचा व्हायरस, विंडोजवरही चालायचा आणि मॅकवरही, कारण त्याला कर्नल लागत नव्हता, वर्ड पुरत होतं. हल्ली लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनाच्या दंडाच्या नावाने मोबाइलवर एपीके, म्हणजे अँड्रॉइडचं ॲप बसवणारी फाइल येते. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सच आहे, हे त्या पोराला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला.

एका झेरॉक्सच्या दुकानात मॉनिटरला लिंबू-मिरची टांगलेली पाहिली होती, आणि पडद्यावर कोपऱ्यात मुदत संपलेल्या अँटिव्हायरसची लाल खूण. दोघांचं काम सारखंच चाललं होतं. ‘१०० टक्के संरक्षण’ असं खोक्यावर छापणाऱ्यांचंही फार निराळं नाही. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलं की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. समजा असा तपासनीस आहे. मी एक प्रोग्रॅम लिहितो, जो आधी तपासनीसाला विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ ‘हो’ म्हणाला तर गप्प बसतो, ‘नाही’ म्हणाला तर पसरतो. तपासनीस काहीही म्हणाला तरी चुकला.

दाजींच्या संगणकावर मी केलं ते असं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. यंत्र झेपेल असं होतं, म्हणून ११ वर नेलं. विंडोज काढलं नाही, कारण दाजींचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त त्यावरच चालतं. अपडेट आपोआप होतील असं ठेवलं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा त्या फटीचं ठिगळ मार्चमध्येच आलं होतं, लोकांनी लावलं नव्हतं. डिफेंडर चालू ठेवला, दुसरा अँटिव्हायरस घातला नाही. रोजच्या वापराला साधं खातं केलं, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा. फाइलच्या नावाचं शेपूट दिसेल अशी सोय केली, नाहीतर ‘बायोडाटा.पीडीएफ.ईएक्सई’ नुसतं ‘बायोडाटा.पीडीएफ’ दिसतं. भाचीकडे मॅक आहे. तिला एवढंच सांगितलं की ओळख न पटलेलं ॲप मॅक अडवतो तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ‘तरीही उघडा’ दाबू नकोस. शेजारच्या पोराला: इंटरनेटवरची ‘सुडो’ने (ॲडमिनचे अधिकार देणाऱ्या आज्ञेने) सुरू होणारी ओळ न वाचता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, चिकटवू नकोस.

लग्नाचे फोटो आता दोन ठिकाणी आहेत. एक प्रत संगणकात. दुसरी एका वेगळ्या डिस्कवर, ती कपाटात, पासबुकांच्या पिशवीत. महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची, काढून पुन्हा पिशवीत. अल्बमवाल्याला लागतील तेवढे फोटो ताई मेलने पाठवते.