ओपीडी दवाखाना आणि डे-केअर सर्जरी सेंटर : इमारतीच्या नियमांत फरक कुठे पडतो?

पुण्यात कर्वे रस्त्यावर किंवा सदाशिव पेठेत खाली दुकाने आणि वरच्या मजल्यावर दवाखाना अशा इमारती पावलोपावली दिसतात. त्यातला एक डॉक्टर फक्त रुग्ण तपासतो, शेजारचा सकाळी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून संध्याकाळी रुग्णाला घरी सोडतो, आणि बाहेरून दोघांच्या पाट्या सारख्याच दिसतात. आगीच्या दृष्टीने मात्र या दोन जागा एका वर्गातल्या मानणे धोक्याचे आहे.

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये वापरानुसार इमारतींचे गट पाडले आहेत. वकील आणि वास्तुविशारद यांच्या कार्यालयांप्रमाणे डॉक्टरांचे कन्सल्टिंगही ‘ई’ म्हणजे व्यावसायिक गटात येते, तर रुग्णालये आणि नर्सिंग होम ‘सी’ म्हणजे संस्थात्मक गटात मोडतात. यामागचा विचार साधा आहे. कार्यालयातला माणूस धूर दिसताच स्वतःच्या पायांनी जिना उतरेल असे गृहीत धरलेले असते. रुग्णालयात ते गृहीत धरता येत नाही, म्हणून खाटेवरच्या रुग्णाला त्याच मजल्यावर अग्निरोधक भिंतीपलीकडच्या सुरक्षित भागात सरकवण्याची तजवीज करावी लागते, आणि रुंद जिने व स्ट्रेचर वळेल असे मार्ग त्यासाठीच लागतात.

दातांच्या दवाखान्यात हा फरक अगदी जवळून दिसतो. दाढ काढण्यासाठी हिरडीत इंजेक्शन दिलेला रुग्ण तोंडात कापसाचा बोळा धरूनही खाली पळू शकतो, पण पूर्ण भूल देऊन दातांचे काम चाललेले चार वर्षांचे मूल उठूच शकत नाही. खुर्ची तीच, डॉक्टर तोच. तरी त्या तासापुरती ती जागा रुग्णालयासारखी असते.

अडचण अशी की संस्थात्मक गटाची आपली व्याख्या साधारणपणे झोपण्याची सोय असलेल्या इमारती डोळ्यांसमोर ठेवते, त्यामुळे रात्री कोणी राहत नाही एवढ्या मुद्द्यावर डे-केअर सेंटर स्वतःला दवाखाना म्हणवून घेऊ शकते. अमेरिकी संहितेत अशी केंद्रे व्यावसायिक गटातच ठेवली आहेत. मात्र एकाच वेळी चार किंवा अधिक रुग्ण स्वतःहून बाहेर पडण्यास असमर्थ असतील, तर स्प्रिंकलरची, म्हणजे आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेची, अट लागते. रात्र मोजण्यापेक्षा असमर्थ रुग्ण मोजणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

पुण्यात जागा घेताना आणखी एक गल्लत होते. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 खालील नोंदणी मिळाली म्हणजे इमारतीचा वापरही मंजूर झाला, असे होत नाही. भोगवटा प्रमाणपत्रावर, म्हणजे इमारत वापरण्याच्या परवानगीवर, ‘ऑफिस’ असेल, तर तिथे शस्त्रक्रिया सुरू करण्याआधी वापर बदलाची परवानगी आणि अग्निशमन दलाचे मत घ्यावे लागेल का, हे महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे विचारावे. इमारतीतल्या अग्निशमन यंत्रणेच्या देखभालीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ‘बी’, दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. ते शेवटचे कधी दिले, हेही सोसायटीच्या सचिवांना भाडेकरार करण्यापूर्वीच विचारलेले बरे.