फोर्क ट्रॅव्हल (स्टील हार्डटेल)

सायकलचा पुढचा शॉकअप पूर्ण दाबल्यावर जेवढा खाली बसतो ते अंतर म्हणजे फोर्क ट्रॅव्हल, हे मिलिमीटरमध्ये मोजतात. हार्डटेल म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली, मागून कडक माउंटन बाइक. स्टीलच्या हार्डटेलला ८०, १००, १२० की १४० लावायचा हा प्रश्न दिसायला साधा आहे, पण उत्तर फ्रेम कोणत्या लांबीच्या फोर्कसाठी बनवलीय यावर अडकलेलं असतं, म्हणून या नोंदीत जास्त जागा लांबीलाच दिलीय.

उगम : एकमेकीत सरकणाऱ्या नळ्यांचा टेलिस्कोपिक फोर्क सायकलवाल्यांनी मोटरसायकलकडून घेतला एवढं साधारण मान्य आहे, वाद आहे तो मोटरसायकलवर पहिला कोणाचा यावर. इंग्लंडच्या स्कॉट गाडीवर १९०८-०९ च्या सुमारास सरकत्या नळ्यांचा फोर्क होता पण त्यात तेलाचं डॅम्पिंग नव्हतं, डेन्मार्कच्या निंबसने १९३४ मध्ये टेलिस्कोपिक फोर्क दिला, आणि १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर-१२ वर तेलाने डॅम्प होणारा आला. डॅम्पिंगशिवाय फोर्क म्हणजे नुसती उड्या मारणारी स्प्रिंग, त्यामुळे बीएमडब्ल्यूचं पारडं थोडं जड वाटतं. स्प्रिंगचाच मान द्यायचा तर अमेरिकेत श्विनच्या सायकलींवरही १९३० च्या दशकाच्या शेवटी स्प्रिंगवाला फोर्क मिळत होता.

माउंटन बाइक साधारण १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवण्यातून आली असं बहुतेक मानतात, कोलोरॅडोतलं क्रेस्टेड ब्यूट आणि कॅलिफोर्नियातलंच क्युपर्टिनो यांचेही दावे आहेत, पण खास या कामासाठी बनवलेली फ्रेम म्हटलं की जो ब्रीझच्या १९७७ च्या आसपासच्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलच्या फ्रेमवरच बोट ठेवलं जातं. म्हणजे स्टीलची हार्डटेल शॉकअपपेक्षा वयाने मोठी, फक्त तेव्हा ती पुढूनही कडकच होती. मोटोक्रॉसमधून आलेल्या पॉल टर्नरने १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनी काढली आणि आरएस-१ हा फोर्क बाजारात आणला, त्याच सुमारास डग ब्रॅडबरी कोलोरॅडोत रबरासारख्या इलॅस्टोमरवर चालणारा मॅनिटू बनवत होता. आरएस-१ चा ट्रॅव्हल साधारण ४८ मिमी, म्हणजे पाच सेंटिमीटरसुद्धा नाही, आणि तो लावून ग्रेग हरबोल्ड १९९० मध्ये ड्युरँगोला डाउनहिलचा (उतारावरच्या शर्यतीचा) जगज्जेता झाला, हे १४० शिवाय जमतच नाही म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही. पुढे ६३, ८०, १०० असा आकडा वाढत गेला, आता क्रॉसकंट्री रेसिंगमध्येही १०० ते १२० चालतो.

लांबीचं गणित : चाकाच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून वर फोर्कच्या क्राउनवर (दोन्ही पायांच्या वरच्या जोडावर) जिथे हेडसेटची, म्हणजे हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगची, खालची रिंग बसते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे अ‍ॅक्सल-टू-क्राउन. मोजताना टेप स्टिअररच्या नळीला (फोर्कची फ्रेममध्ये जाणारी नळी) समांतर धरायचा, तिरका धरला तर माप चुकतं. २९ इंची चाकाच्या १०० मिमी फोर्कला हे साधारण ५०० च्या आसपास येतं, १२० ला ५२० च्या आसपास, जुन्या २६ इंची ८० मिमी फोर्कला ४५० च्या जवळपास. कंपनीप्रमाणे पाच-दहा मिमी मागेपुढे होतं म्हणून नुसत्या ट्रॅव्हलच्या आकड्यावर फोर्क मागवू नये, दोन १२० एकमेकांना बरोबर बसतीलच असं नाही.

फोर्क २० मिमीने लांब झाला की हेड अँगल (फ्रेमच्या पुढच्या नळीचा जमिनीशी कोन) जवळपास एक अंश पडतो, सीट अँगलही (सीटच्या नळीचा कोन) तेवढाच मागे जातो, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा अ‍ॅक्सल बसतो ती जागा) सात-आठ मिमी वर येतं आणि रीच (तिथून पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) साधारण दहा मिमीने घटतो. चढावर याचा अर्थ असा की माणूस मागे बसतो, पुढचं चाक हलकं होऊन इकडेतिकडे भटकतं, आणि उतारावर मात्र तीच गाडी जास्त धीर देते. २० पर्यंतचा फरक बहुतेक फ्रेम सोसतात, त्यातही फ्रेमवाल्याने जास्तीत जास्त लांबी दिली असेल तर तीच शेवटची. ४० म्हणजे दुसरीच सायकल. हेडसेटही मोजायचा विसरू नये, ४४ मिमीच्या हेड ट्यूबमध्ये (फ्रेमची पुढची नळी) टेपर्ड (खाली जाड होत जाणारा) स्टिअरर घालायला खालचा कप बाहेरून येतो आणि तोच दहा-पंधरा मिमी उंची खाऊन टाकतो, म्हणजे फोर्क न बदलता अर्धा अंश गेला.

हार्डटेलमध्ये आणखी एक भानगड आहे जी फुल सस्पेन्शनवाल्यांना इतकी सतावत नाही. तिथे पुढचं-मागचं दोन्ही बसतं, इथे फक्त पुढचं बसतं, म्हणून फोर्क जितका दबेल तितका हेड अँगल उभा होत जातो. १२० च्या फोर्कला २० टक्के सॅग (माणसाच्या वजनानेच फोर्क जेवढा दबतो तेवढं अंतर) ठेवला तर नुसतं बसल्यावरच २४ मिमी गेले आणि अँगल अंशभर उभा झाला. १४० चा फोर्क खड्ड्यात पूर्ण बसला तर अँगल सहा-साडेसहा अंशांनी बदलतो, नेमकं जिथे गाडी शांत हवी तिथेच ती चटकन वळते. लांब ट्रॅव्हलच्या हार्डटेल ६४-६५ अंशांवर बनवतात त्यामागे हेही एक कारण आहे. दोन फोर्कची तुलना करायची तर सॅग धरून बसलेल्या लांबीची करावी, कडक (बिनशॉकअपचा) फोर्क बसवतानाही हाच नियम.

स्टीलचा मुद्दा : स्टील स्वतःच धक्के गिळतं म्हणून ट्रॅव्हल कमी लागतो असा एक मोठा गट मानतो. दुसरा गट म्हणतो की त्रिकोणी फ्रेम उभ्या दिशेने नगण्य वाकते, आराम मिळतो तो टायर, हवेचा दाब आणि सीटपोस्टमधून. दुसरं मत जास्त टिकाऊ दिसतं, टायरमधले दोन-चार पीएसआय कमी केले की जो फरक पडतो तो नळी बदलून सहसा पडत नाही. मात्र ताकदीच्या बाबतीत स्टील वेगळं आहे. लांब फोर्क म्हणजे हेड ट्यूबवर लांब तरफ, प्रत्येक दणका डाउन ट्यूबच्या (हेड ट्यूबपासून पेडलकडे उतरणारी नळी) पुढच्या जोडावर येतो, आणि पातळ भिंतीच्या क्रोमोली नळीवर तिथे आधी रंगाला सुरकुती दिसते, मग खालून फुगवटा. बोट फिरवून कळतो तो. असं दिसलं की ती फ्रेम चालवायची नाही.

विदर्भात : पश्चिमेकडे, म्हणजे वऱ्हाडात, बेसाल्टवरची काळी माती, पूर्वेला भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे धानाच्या बांध्या, मुरूम आणि जंगलातल्या वाटा. सायकल चालते ती मुख्यतः पांदण रस्त्यांवर आणि वावराच्या धुऱ्यांवर. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत ट्रॅव्हलचा काही उपयोग नाही, चिखल टायर आणि फोर्कच्या आर्चमध्ये (दोन पाय जोडणारी कमान) भरतो आणि चाकच फिरत नाही, तिथे आर्चखाली किती जागा मोकळी आहे तेच बघायचं आणि टायर एक नंबर बारीक घ्यायचा. दिवाळीनंतर तीच माती वाळून बंडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात, आणि इथे मागच्या चाकाचा प्रश्न येतो. पुढे १४० असला की हात बिनधास्त होतात, वेग वाढतो, आणि मागचा रिम चाकोरीच्या काठावर आपटतो कारण त्याला कोणी वाली नाही. १०० ते १२० मध्ये पुढचं चाक वेळेवर सांगतं की आता आवरा. परतवाड्याहून चिखलदऱ्याला (उंची साधारण ११०० मीटर) चढून उतरणाऱ्यांनाही १२० पुरतो, घाट डांबरी आहे. दुकानात "मोठा शॉकअप टाका भाऊ, गाडी कशी उठून दिसते" असं ऐकायला मिळतं. उठून दिसते हे खरं आहे.

सॅग आणि हवा : हार्डटेलला १५ ते २५ टक्के सॅग धरतात. फोर्कच्या नळीवर रबरी रिंग खाली सरकवून, रोजचे बूट-बॅग घालून, दुसऱ्याला हँडल धरायला लावून हळूच बसायचं, हळूच उतरायचं आणि रिंग किती वर गेली ते मोजायचं. हवेच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या फोर्कमध्ये उन्हाने दाब बदलतो हे इथे विसरून चालत नाही, डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांवर भरलेली ८० पीएसआय हवा मे महिन्यात ४५ अंशांवर हिशेबाने ९१ च्या घरात जाते, फोर्क कडक झाला म्हणून लोक तेल बदलायला निघतात. स्वस्त कॉइल (धातूच्या स्प्रिंगच्या) फोर्कला हा त्रास नाही, पण त्याची स्प्रिंग हलक्या माणसाला जड पडते, १०० लिहिलेलं असलं तरी पंचावन्न किलोच्या पोराला सगळा ट्रॅव्हल मिळेलच असं नाही आणि वरचं प्रीलोडचं (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारं) बटण फिरवून स्प्रिंग काही मऊ होत नाही. पांदणीतला फुफाटा सीलमध्ये जातो, दोन्ही प्रकारात फिरून आल्यावर फडक्याने नळ्या पुसाव्यात.

फोर्क बदलणं : बऱ्याच एअर फोर्कमध्ये आतला एअर शाफ्ट बदलून ट्रॅव्हल १० किंवा २० मिमीने कमी-जास्त करता येतो, आणि शंका असेल तर लांब फोर्क घेऊन आतून छोटा करणं बरं पडतं. साध्या हाय-टेन्साइल स्टीलच्या गावठी "एमटीबी"ला यातलं काही लागू होत नाही, त्यांचा स्टिअरर बऱ्याचदा आट्यांचा असतो, नव्या फोर्कचा बिनआट्यांचा आणि जाड, म्हणजे हेडसेटसकट बदल आला. चांगल्या जुन्या क्रोमोली फ्रेमला नवा फोर्क घेताना पुढचा हबही (चाकाचा मधला भाग) बघावा, नवे बरेच फोर्क १५ मिमी अ‍ॅक्सल आणि ११० मिमी रुंदीचे येतात, जुना १०० मिमी हब त्यात बसत नाही, आणि व्ही-ब्रेकचे (रिमवर दाबणाऱ्या ब्रेकचे) खुंटे तर नव्या फोर्कवर जवळपास दिसतच नाहीत, त्यामुळे फोर्कच्या पैशात डिस्क ब्रेक आणि नवीन चाक धरूनच हिशेब करावा लागतो.