एका तोंडची बातमी तीन तोंडांनी

समजा, इंदूरच्या लोकमान्यनगरात सकाळी सातला बातमी येते : नर्मदाकाठच्या जलूदचे पंप बंद पडलेत, उद्या नर्मदेचं पाणी नाही. शेजारच्या काकू सांगतात. पोह्यांच्या गाडीवर तेच कानावर येतं. नऊला राजेंद्रनगरहून वहिनींचा फोन, त्याही तेच म्हणतात. तीन ठिकाणांहून कळलं म्हणजे खरंच असणार, असं धरून पिंपं भरायला सुरुवात होते. पण तिघांनीही व्हॉट्सॲपवरचा एकच निरोप वाचला असेल, तर साक्षीदार एकच उरतो.

लष्करी गुप्तवार्तेत या दोषाला ‘सर्क्युलर रिपोर्टिंग’ म्हणतात. बातमी एका जागेहून निघते, हातोहात फिरते आणि दुसऱ्या वाटेने येऊन स्वतःलाच दुजोरा देते. मराठीत ‘खोटा दुजोरा’ हा शब्द चपखल बसतो.

नुकसान किती, ते आकड्यांत बघू. एखादा माणूस पाचपैकी चार वेळा बरोबर सांगतो आणि बातमी खरी-खोटी असण्याची शक्यता आधी सारखीच आहे, असं धरा. त्याने ‘हो’ म्हटलं की पारडं ४ : १ झुकतं, म्हणजे खात्री ८० टक्के. तितक्याच भरवशाच्या दुसऱ्याने स्वतः पाहून ‘हो’ म्हटलं, तर ४ × ४ = १६, म्हणजे १६ : १ आणि खात्री ९४ टक्के. तिसऱ्यानेही स्वतः पाहिलं असेल, तर ६४ : १ होऊन ती ९८ टक्क्यांच्या वर जाते. मात्र दुसरा-तिसरा पहिल्याचंच ऐकून बोलत असतील, तर खात्री ८० वरून तसूभरही हलत नाही. मधली स्थितीही मोजता येते. दुसऱ्याने पहिल्याचीच री ओढली असण्याची शक्यता निम्मी असेल, तर त्याच्या होकाराचं वजन ४ पट नसून फक्त दीडपट. पारडं ६ : १, खात्री सुमारे ८६ टक्के. अर्धवट संशयसुद्धा दुजोऱ्याचं बहुतेक मोल खाऊन टाकतो.

कौटिलीय अर्थशास्त्रात हे फार नेमकेपणाने आलं आहे. तीन हेरांचं म्हणणं जुळलं की विश्वास ठेवावा, हा नियम बऱ्याच जणांना ठाऊक असतो. त्याच प्रकरणातली दुसरी अट मात्र विसरली जाते : हेरांना एकमेकांची ओळख असता कामा नये. या अटीवाचून पहिल्या नियमाला काही अर्थ उरत नाही.

आजच्या पद्धतीत प्रत्येक बातमीला एक अक्षर आणि एक अंक देतात. ब्रिटिश नौदलाचा कारभार पाहणाऱ्या ‘ॲडमिरल्टी’ या खात्यावरून तिला ‘ॲडमिरल्टी कोड’ म्हणतात. अक्षर माणसाचं : ‘ए’ म्हणजे पूर्ण भरवशाचा, ‘ई’ म्हणजे बेभरवशाचा, ‘एफ’ म्हणजे पारखच करता येत नाही. अंक बातमीचा : १ म्हणजे इतर स्वतंत्र सूत्रांनी दुजोरा दिलेली, ५ म्हणजे असंभाव्य, ६ म्हणजे ठरवता येत नाही. ‘एफ’ आणि ६ हे सर्वांत वाईट शेरे नव्हेत, ते अज्ञानाचे शेरे आहेत. नवशिके इथेच चुकतात. दोन्ही शेरे वेगवेगळे द्यायचे असतात, कारण भरवशाच्या माणसालाही कुणी फसवू शकतं आणि लबाड माणूसही कधी खरं बोलतो. प्रत्यक्षात माणूस चांगला वाटला की बातमीलाही आपोआप चांगला अंक पडतो. आणि सगळ्यांत घातक चूक म्हणजे मूळ न तपासता १ देऊन टाकणं.

असं होतं, कारण गुप्तता. सूत्राचा जीव वाचवायचा म्हणून प्रत्येक खातं त्याची ओळख झाकून ‘खात्रीलायक सूत्राकडून’ एवढंच पुढे कळवतं. दोन खात्यांची कागदं तिसऱ्याच्या टेबलावर येतात. झाकलेला चेहरा एकच आहे, हे त्याला दिसणार कसं? जी काळजी सूत्राला वाचवते, तीच विश्लेषकाला आंधळं करते.

इराकच्या युद्धाआधी काय झालं पाहा. ‘कर्व्हबॉल’ हे टोपणनाव मिळालेला एक इराकी निर्वासित जर्मन गुप्तचरांना फिरत्या जैविक शस्त्रशाळांबद्दल सांगत होता. जानेवारी २००० ते सप्टेंबर २००१ या काळात त्याच्या बोलण्यावरून अमेरिकी संरक्षण खात्याच्या गुप्तचर संस्थेने शंभराच्या जवळपास अहवाल वाटले. कागद शंभर, तोंड एक. त्याला दुजोरा देणाऱ्या दुसऱ्या एका सूत्रावर मे २००२ मध्ये ‘बनावट’ असा शिक्का बसला, पण त्याचा आधीचा अहवाल परत मागवला गेला नाही. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत या शस्त्रशाळांसाठी चार सूत्रांचा हवाला दिला, त्यांत हे दोघेही होते. आपण खोटं बोललो, हे कर्व्हबॉलने २०११ मध्ये कबूल केलं. म्हणून नियम असा की सूत्र खोटं ठरलं, तर त्याच्यावर उभा असलेला प्रत्येक कागद शोधून मागे घ्यायचा. त्यासाठी नाव झाकलं तरी सूत्राचा क्रमांक कागदाबरोबर प्रवास करायला हवा.

क्रमांक नसेल, तर विश्लेषक बातम्यांची वंशावळ मांडतो : कोणी सांगितलं, त्याला कसं कळलं, केव्हा कळलं. यात सर्वांत उपयोगी पडते ती सामाईक चूक. खरी माहिती दोघांना वेगवेगळी मिळू शकते. तीच विचित्र चूक दोघांकडे असेल, तर ती बहुधा एकाच कागदावरून आलेली असते. हस्तलिखितांचे अभ्यासकही हेच बघतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना एकमेकींपासून स्वतंत्र असलेल्या पाठपरंपरा (म्हणजे हस्तलिखितांची घराणी) कुठे जुळतात, याला सर्वाधिक वजन दिलं गेलं.

लोकमान्यनगरातले तीन निरोप शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, तर तिन्हींत ‘जलूद’चं ‘जालूद’ झालेलं दिसेल आणि तारीखही कालचीच. ते तिन्ही मिळून एक मोजायचे. तेवढ्यात कुणी पाण्याच्या टाकीवर जाऊन पातळीची पट्टी पाहून आलं असेल, तर तो दुसरा साक्षीदार. त्याच्याजवळ व्हॉट्सॲप नसलं तरी चालेल.