जुन्या लॅपटॉपमधला लपलेला कप्पा

२०२५च्या दिवाळीआधी पुण्यातल्या तापकीर गल्लीत एका मुलीबरोबर लॅपटॉप घ्यायला गेलो होतो. लातूरहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी. बजेट पंधरा हजार. दुकानदाराने सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हचा, कुठल्याशा ऑफिसात वापरून झालेला एक लॅपटॉप काढला. आमच्यासमोरच मागचं झाकण उघडलं, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क काढून ड्रॉवरमध्ये टाकली, तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी बसवली आणि पेन ड्राइव्ह लावून विंडोज टाकायला घेतली. वीस-पंचवीस मिनिटांत डेस्कटॉप दिसला. मी विचारलं, "रिकव्हरीचं काय?"

"काका, रिकव्हरी-बिकव्हरी काही नसतं यात. विंडोज उडाली तर घेऊन या, परत मारून देतो."

माणूस सरळ होता, बोलला तेही खरं. पण असा लॅपटॉप कारखान्यातून निघतो तेव्हा त्याच्या डिस्कवर एक लपवलेला कप्पा असतो, आणि मशीन पहिल्या दिवसासारखं करून देण्याची सगळी सामग्री त्यात भरलेली असते. दुसऱ्या मालकाच्या हाती मशीन येईपर्यंत तो कप्पा बहुतेक वेळा पुसला गेलेला असतो, नाहीतर डिस्कसकट ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. तो आला कुठून आणि गेला का, हे कळलं की जुन्या मशीनचा बॅकअप कसा घ्यायचा तेही आपोआप कळतं.

सुरुवातीला असा कप्पा नव्हताच. १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. विंडोजच्या आधी चालणाऱ्या डॉसच्या, त्याच वर्षीच्या २.० आवृत्तीत बॅकअप आणि रिस्टोअर अशा दोन कमांड आल्या. डिस्क भरलेली असेल तर ती ३६० केबीच्या फ्लॉप्यांवर उतरवायला अठ्ठावीस-तीस फ्लॉप्या लागायच्या. प्रत्येकीवर क्रमांक घालायचा आणि परत चढवताना तोच क्रम पाळायचा. मधली एखादी फ्लॉपी बुरशीने गेली की तिच्यावरचं सगळं गेलं, आणि दोन फ्लॉप्यांत विभागलेली फाइलही गेली. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या फ्लॉपीवर पांढरे ठिपके धरायचे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. तरी त्या काळात एक गोष्ट पक्की होती. डॉस असो वा विंडोज, त्याच्या मूळ फ्लॉप्या किंवा सीडी तुमच्या हातात असायच्या. बॅकअप घ्यायचा तो फक्त स्वतःच्या कामाचा.

हे बदललं २०००च्या सुमारास. विंडोजच्या पूर्ण सीडी मशीनबरोबर वाटल्या की त्या दहा ठिकाणी फिरतात, म्हणून मायक्रोसॉफ्टने मशीन बनवणाऱ्या कंपन्यांवर आवळत आणलं. कंपन्यांनाही प्रत्येक खोक्यात सीडी घालण्याचा खर्च नकोच होता. आधी त्याच मॉडेलवर चालणारी 'रिकव्हरी सीडी' आली आणि मग तीही गेली. तिच्यातला मजकूर हार्ड डिस्कच्याच एका कोपऱ्यात, वापरणाऱ्याला सहज न दिसणाऱ्या पार्टिशनमध्ये जाऊन बसला. त्याचं दार उघडायची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी. एचपीला एफ-११, एसरला ऑल्ट आणि एफ-१०, आसुसला एफ-९. लेनोवोच्या कित्येक मॉडेलांना कडेला एक बारीक भोकातलं बटण असतं, त्यात पिन घालावी लागते.

सोय चांगली होती, पण तिच्या मुळातच एक दोष होता. किल्ली कुलपाच्या आतच ठेवलेली. २०१० मध्ये मी घेतलेल्या लॅपटॉपवर महिनोन्‌महिने एक चौकट यायची, "रिकव्हरी डिस्क तयार करून ठेवा." चार डीव्हीडी लागणार होत्या. मी दर वेळी 'नंतर' दाबत राहिलो. चौथ्या वर्षी हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली आणि दोन दिवसांत बसली. तिच्याबरोबर तो कप्पाही गेला. कंपनीकडे डिस्कचा संच मागितला, तर त्या मॉडेलचे संच आता येत नाहीत असं उत्तर मिळालं. मशीनमधलं बाकी सगळं ठणठणीत होतं. त्या लॅपटॉपच्या पोटाखालचा, विंडोज सेव्हनचा परवाना-क्रमांक छापलेला स्टिकर मी बोटाने पुसत, भिंगातून बघत बसलो होतो. पंचवीस अक्षरांपैकी सात-आठ मांडीवर घासून घासून उडाली होती.

जुनी मशीन घेणाऱ्यांनी हा स्टिकर आधी बघावा. विंडोज सेव्हनपर्यंत 'की', म्हणजे हा परवाना-क्रमांक, त्या कागदावरच असायची. विंडोज ८ पासून कंपन्या ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहू लागल्या, त्यामुळे त्यानंतरच्या मशीनमध्ये त्याच आवृत्तीची विंडोज टाकली की ती की आपली आपण उचलली जाते. पुढे विंडोज १० ने परवाना मशीनच्या हार्डवेअरशीच जोडला. सेव्हनच्या जुन्या कीवर विंडोज १० चालू होण्याची सवलत २०२३च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केली. दुकानदार मशीनला होम आवृत्तीचा परवाना असताना भलतीच प्रो आवृत्ती टाकून देतो, तेव्हा हातातला खरा परवाना तसाच वाया जातो आणि कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' हे पाणचिन्ह उमटतं. घेतानाच सेटिंग्जमध्ये जाऊन बघावं, लाजू नये.

लपवलेला कप्पा कंपनीचा, तर दुकानदाराच्या हातातली युक्ती वेगळ्याच घराण्यातली. न्यूझीलंडच्या मरे हॅझार्ड यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात घोस्ट नावाचा प्रोग्रॅम लिहिला. एकेक फाइल उचलायच्या ऐवजी अख्ख्या पार्टिशनचा ठसा घ्यायचा आणि तो दुसऱ्या डिस्कवर उमटवायचा, ही त्याची पद्धत. त्या ठशालाच आपण इमेज म्हणतो. १९९८ मध्ये सिमँटेकने घोस्ट विकत घेतला. आपल्याकडे सायबर कॅफेंना आणि एमएस-सीआयटीच्या केंद्रांना तो वरदान ठरला. दहा मशीन, दहाही सारख्या, एक बिघडली की घोस्ट करा आणि पुढच्या बॅचला बसवा.

ठसा घेण्याची गरज किती होती ते १९९९च्या २६ एप्रिलने दाखवलं. सीआयएच नावाचा, चेर्नोबिल म्हणून ओळखला गेलेला व्हायरस त्या तारखेला जागा झाला. तो डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर मदरबोर्डवरचा बायोसही, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅमही, खराब करायचा. आशियात त्याने फार नुकसान केलं. बायोस गेलेल्या मशीनला कसलाच बॅकअप उपयोगाचा नव्हता, चिपच बदलावी लागायची. पुण्यात दुरुस्तीच्या दुकानातून वर आलेल्या कैलाश आणि संजय काटकर या भावांचं क्विक हील हे अँटिव्हायरस तेव्हा नुकतं बाळसं धरत होतं.

पुण्याचा आणि बॅकअपचा संबंध इथेच संपत नाही. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरचा बॅकअप घेणाऱ्या व्हेरिटासचं मोठं विकास केंद्र अनेक वर्षं पुण्यात राहिलं. २००८ मध्ये जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्रुव्हा काढली ती पुण्यातच, आणि तिचा धंदाच बॅकअपचा. बाणेर-बालेवाडीत बसून जगभरच्या बँकांचा डेटा परत आणण्याचं कोड लिहिणारी माणसं या शहरात आहेत. त्याच शहरात शास्त्री रोडच्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाच्या दोन वर्षांच्या नोट्स एका जुन्या डिस्कच्या भरवशावर असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मला आठवड्यातून एकदा तरी भेटतो. 'सिस्टिम रिस्टोअर' म्हणजे बॅकअप नव्हे. २००० मध्ये विंडोज एमईबरोबर ही सोय आली. ती विंडोजच्या फाइली, ड्रायव्हर आणि सेटिंग मागच्या तारखेवर नेते. तुमचे फोटो, तुमचं वर्ड डॉक्युमेंट ती सांभाळत नाही. शिवाय ती राहते त्याच डिस्कवर, आणि विंडोज १० मध्ये बऱ्याचदा ती बंदच असते.

खरी सोय विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये आणली आणि विंडोज सेव्हनने २००९ मध्ये सोपी केली. विंडोजमधूनच अख्ख्या सिस्टिमची इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, आणि सोबत दुरुस्तीची एक सीडी करून ठेवायची. विंडोज १० मध्येही ती कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' या नावाने सापडते. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिला निवृत्तीच्या यादीत टाकलं, तरी ती चालते. पण जुन्या मशीनवर तिच्या तीन खोडी माहीत असाव्यात. पहिली खोड सगळ्यात जास्त रडवते. ५०० जीबीच्या डिस्कवरून घेतलेली इमेज २५६ जीबीच्या एसएसडीवर उतरत नाही, आत भरलेला डेटा चाळीसच जीबी असला तरीही. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच लागते. म्हणजे एसएसडी बसवायची असेल तर आधी बसवा आणि मग इमेज घ्या, किंवा आधी पार्टिशन लहान करून मग क्लोनझिलासारख्या फुकट साधनाने नक्कल उतरवा. दुसरी खोड अशी की बाहेरच्या डिस्कवर तयार झालेला इमेजचा फोल्डर जिथल्या तिथे, तळाशीच राहू द्यायचा. नीटनेटकं करायला म्हणून 'माझे बॅकअप' अशा फोल्डरात हलवला किंवा नाव बदललं की रिकव्हरीला तो दिसत नाही. आणि तिसरी, जुन्या बायोस पद्धतीने चालणाऱ्या मशीनची इमेज यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू केलेल्या पेन ड्राइव्हवरून चढत नाही. सुरू करताना मेनूत एकाच पेन ड्राइव्हची दोन नावं दिसतात, त्यातलं योग्य निवडावं लागतं.

२०१२ मध्ये विंडोज ८ ने 'रीसेट' आणलं आणि विंडोज १० ने त्यात मोठा बदल केला. आता रीसेटला कारखान्याच्या वेगळ्या इमेजची गरज उरली नाही. डिस्कवर असलेल्या विंडोजच्याच फाइलींतून नवी विंडोज उभी राहते. त्यामुळे दहा-पंधरा जीबी अडवून बसणाऱ्या कंपनीच्या कप्प्याचं महत्त्व गेलं, आणि उरला तो काहीशे एमबीचा छोटा कप्पा, ज्यातून दुरुस्तीची निळी पाटी उघडते. हा छोटा कप्पाही जुन्या मशीनवर अडचणीचा ठरला. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० ला एक सुरक्षा अपडेट आलं, त्याला या कप्प्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. अनेकांच्या मशीनवर तेवढी नव्हती. अपडेट रोज डाउनलोड व्हायचं, रोज आपटायचं आणि पडद्यावर फक्त एक लांबलचक आकडा दिसायचा. त्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या चार लॅपटॉपांपैकी तिघांचं दुखणं हेच होतं. सी ड्राइव्ह थोडा आकसून त्या कप्प्याला जागा दिली की अपडेट बसायचं. पण पार्टिशनला हात लावायच्या आधी इमेज घेतलेली असली पाहिजे, आणि ती कोणाकडेच नव्हती.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नाव नोंदवलेल्या घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणून त्याआधीची चांगली चालती मशीन ऑफिसांतून बाहेर पडली. हिंजवडी-खराडीकडची ऑफिसं मशीन काढताना डिस्क पुसून किंवा काढूनच देतात, आणि ते बरोबरच आहे. कंपनीचा डेटा बाहेर जाता कामा नये. फक्त त्या पुसण्यात रिकव्हरीचा कप्पाही जातो.

म्हणून त्या मुलीचा लॅपटॉप घरी आणला त्याच संध्याकाळी आम्ही कामाला बसलो. आधी एचपीचे ड्रायव्हर एका फोल्डरात उतरवून घेतले, कारण वायफायचा ड्रायव्हर नसला की बाकीचे डाउनलोडच करता येत नाहीत. मग सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं, ॲक्टिव्हेशन तपासलं, पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवला आणि त्यावरून मशीन एकदा सुरू करून पाहिलं. दुरुस्तीची पाटी दिसल्यावर बंद केलं. हे करून बघितल्याशिवाय पेन ड्राइव्हवर विश्वास ठेवू नये. मग बाहेरच्या डिस्कवर इमेज घेतली. चार्जर लावूनच, कारण जुनी बॅटरी पंधरा मिनिटं टिकत होती. गुरुवार नव्हता हेही बघितलं, आमच्याकडे वीज जाते ती बहुतेक गुरुवारीच. काम झाल्यावर डिस्क लगेच काढून ठेवली. २०१७च्या मे महिन्यातल्या वॉनाक्रायसारखा खंडणीखोर व्हायरस मशीनमध्ये शिरला तर जोडलेली डिस्कही तो कुलूपबंद करतो.

नोट्सची गोष्ट वेगळी. इमेज महिन्या-दोन महिन्यांनी चालते, नोट्सची प्रत दर आठवड्याला हवी. आणि एक प्रत दुसऱ्या पत्त्यावर असावी. पुण्याला हे वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पेठांमधल्या वाड्यांतली एकेक प्रत असलेली कागदपत्रं लगद्यासारखी झाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी घरांत शिरलं, त्यानंतर सहकारनगरच्या एका ओळखीच्या घरातून माझ्याकडे लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क, दोन्ही एकाच चिखलाने माखलेल्या पिशवीतून आली. दोन्ही टेबलाच्या एकाच खणात ठेवलेली होती. लॅपटॉप धुऊन, वाळवून सुरू झाला नाही. डिस्कही फिरली नाही.

मुलीने तिच्या पेन ड्राइव्हला पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्यावर बॉलपेनने मॉडेलचा नंबर, तारीख आणि 'यूईएफआय' एवढं लिहिलं. इमेजची डिस्क ती दिवाळीच्या सुट्टीत लातूरला घेऊन गेली. आता ती तिच्या आईच्या कपाटात, रेशनकार्डाच्या फाइलशेजारी आहे.