पायथनच्या पॅकेजमागे दडलेलं फोरट्रान

वैज्ञानिक आकडेमोडीसाठी पायथन शिकायला घेतलं की बहुतेकांचं गाडं भाषेपाशी अडत नाही, इन्स्टॉलेशनपाशी अडतं. चालवायचा असतो पाच ओळींचा प्रोग्राम आणि टर्मिनलवर उमटतो पानभर लाल मजकूर: अमुक कंपायलर सापडला नाही, तमुक लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही. इथेच कित्येक जण नाद सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण चूक शिकणाऱ्याची नसते. या सॉफ्टवेअरची घडणच तशी आहे, आणि ती एकदा कळली की तो लाल मजकूर वाचता येऊ लागतो.

नमपाय घ्या. वरवर ती पायथनची आकडेमोडीसाठीची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. पण दोन मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार सांगितला की खरं काम पायथन करतच नाही. ते जातं सी भाषेतल्या गाभ्याकडे आणि तिथून ब्लास नावाच्या, मॅट्रिक्सची गणितं करणाऱ्या तयार रूटीन्सकडे. ब्लासचा पहिला संच 1979 साली प्रसिद्ध झाला, तो फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेसाठी. एकसामयिक समीकरणं सोडवणारं लॅपॅक 1992चं, तेही फोरट्रानमधलंच. पायथनचा कोड नुसता मजकूर असतो, तो सहसा कुठल्याही संगणकावर चालतो. सी आणि फोरट्रानचा कोड मात्र आधी कंपाइल करावा लागतो, म्हणजे कंपायलर नावाच्या प्रोग्रामने तो प्रोसेसरच्या भाषेत उतरवावा लागतो, आणि तयार होणारी फाइल ठरावीक प्रोसेसर व ठरावीक ऑपरेटिंग सिस्टीमपुरतीच असते.

एके काळी हे कंपाइल करणं ज्याचं त्यानेच करायचं असे. पॅकेज म्हणजे उतरवून घेण्यासाठी बांधून ठेवलेलं सॉफ्टवेअर. पॅकेज मॅनेजरमुळे ते काम दुसरं कोणी तरी आधीच करून ठेवतं आणि आपण तयार फाइल उतरवून घेतो. एका पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजेसही तोच शोधून आणतो. डेबियन लिनक्सच्या 1999च्या आवृत्तीत एप्ट आलं, तेव्हापासून लिनक्सवाल्यांना याची सवय आहे. पायथनसाठी हे काम पिप करतं, आणि त्याच्या तयार फायलींना म्हणतात व्हील.

या व्हीलचं नाव एकदा नीट वाचून पाहा. नमपायच्या लिनक्ससाठीच्या एखाद्या फायलीच्या नावात ‘सीपी312’, ‘मेनीलिनक्स_2_17’, ‘एक्स86_64’ असे तुकडे असतात. पहिल्याचा अर्थ, ही फाइल पायथन 3.12साठी आहे, 3.13साठी नाही. दुसऱ्याचा अर्थ, संगणकावर ग्लिबसी ही सी भाषेची मूळ लायब्ररी 2.17 किंवा त्याहून नवी हवी. तिसरा तुकडा प्रोसेसरचा. लिनक्स आणि विंडोजच्या या व्हील्समध्ये ओपनब्लास, म्हणजे ब्लासचंच एक मुक्त रूप, आतच बांधून दिलेलं असतं, म्हणून ते वेगळं शोधावं लागत नाही.

तिन्ही तुकडे आपल्या संगणकाशी जुळणारी फाइल सापडली, तर काही सेकंदांत काम होतं. नाही सापडली, तर पिप मूळ सोर्स कोड उतरवतं आणि आपल्याच संगणकावर कंपाइल करायला घेतं. कंपायलर नसला की तो लाल मजकूर येतो. नेहमीचं कारण एकच: पायथनची नुकतीच निघालेली आवृत्ती टाकलेली असते आणि हव्या त्या पॅकेजची व्हील्स तिच्यासाठी अजून बनलेली नसतात. अशा वेळी कंपायलरच्या मागे लागण्याऐवजी पायथनची आधीची आवृत्ती घ्यावी.

2012मध्ये आलेल्या कोंडा या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरने वेगळी वाट धरली. त्यात पायथन स्वतःच एक पॅकेज असतं. ब्लास, कंपायलर, आर भाषा हीसुद्धा पॅकेजेसच. त्यामुळे भूगोल किंवा जीवशास्त्रातली सी++वर उभी असलेली अवजड साधनं टाकायची असतील, तर मी कोंडाच सुचवेन.

पण इथे एक अस्सल गणिती प्रश्न उभा राहतो. क ला ख ची 2च्या वरची आवृत्ती हवी, ग ला 2च्या खालची, आणि तुम्हाला क आणि ग दोन्ही हवेत. पॅकेजेस शेकडो, प्रत्येकाच्या आवृत्त्या डझनांनी. सगळ्यांना चालेल अशी जुळणी शोधायची. हा प्रश्न एनपी-पूर्ण आहे, म्हणजे नेहमी झटपट सोडवण्याची रीत कोणालाच ठाऊक नसलेला, स्टीफन कुक यांनी 1971 साली ज्याचा कठीणपणा दाखवून दिला त्या ‘सॅट’ प्रश्नाच्याच जातकुळीतला. कोंडा पूर्वी ‘सोडवतोय’ म्हणत मिनिटन् मिनिटं थांबून राहायचं ते यामुळेच. 2023मध्ये त्याने ओपनसूझे लिनक्ससाठी घडवलेल्या लिबसॉल्व्ह या लायब्ररीवर आधारलेला सॉल्व्हर, म्हणजे जुळणी शोधणारा भाग, स्वीकारला आणि वेग खूपच वाढला.

कधी कधी मात्र उत्तरच नसतं. जून 2024मध्ये नमपाय 2.0 आलं, तेव्हा 1.x साठी कंपाइल केलेली पॅकेजेस त्याच्याबरोबर चालेनात. एका प्रकल्पाला जुनं नमपाय हवं, दुसऱ्याला नवं. म्हणून प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट करावं. ते म्हणजे त्या प्रकल्पापुरतं पायथन आणि पॅकेजेस ठेवलेलं निव्वळ एक फोल्डर असतं. बिघडलं तर पुसून टाकायचं आणि नवं करायचं.

डेबियन 12पासून तर सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकू पाहिलं की नकार मिळतो. हा नकार डावलण्याचा पर्यायही आहे, ‘ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस’ या नावाचा. तो वापरू नका. लिनक्सची स्वतःची काही साधनं त्याच पायथनवर चालतात.

एन्व्हायर्न्मेंट तयार झालं की त्यातल्या आवृत्त्यांची यादी फायलीत उतरवून कोडजवळच ठेवावी. पुढे कोणाला तुमचे आकडे पडताळायचे असतील, तर नुसता कोड त्याला पुरणार नाही. कोंडात अशी यादी दोन प्रकारे निघते. संपूर्ण यादीत प्रत्येक पॅकेजची नेमकी बांधणी नोंदलेली असते, पण लिनक्सवर काढलेली ही यादी विंडोजवर सहसा चालत नाही. ‘फ्रॉम-हिस्टरी’ पर्याय दिला, तर तुम्ही स्वतः मागितलेलीच पॅकेजेस यादीत येतात आणि बाकीची जुळणी समोरचा संगणक आपली आपण करतो. दोन्ही याद्या ठेवाव्यात: पहिली तुमच्याच जातीच्या संगणकासाठी, दुसरी इतरांसाठी.