लॅब चप्पल का पळवतो? पक्ष्यांच्या शिकारी कुत्र्यांची थोडी पार्श्वभूमी

नागपुरात फुटाळा तलावावर सकाळी फिरायला गेलं की चार-दोन लॅब्राडॉर भेटतातच, अन् मालकांची कम्प्लेंट ठरलेली, चप्पल पळवतो, टॉवेल पळवतो, लवकर सोडत नाही. मी विचारतो, चपलेवर दात उमटले का? मोठा कुत्रा असेल तर बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं (पिल्लांचं सोडा, ते दात येताना सगळंच चावतात). म्हणून हे लिहितोय, कारण या कुत्र्यांना उगाच मार बसतो आणि ते मला बघवत नाही.

बंदुकी हातात यायच्या आधी युरोपात तितर-लावे जाळ्यानं धरायचे. कुत्रा वासावरून पक्षी हेरायचा आणि तिथंच पोट टेकून दबून राहायचा, मग माणसं जाळं ओढत आणायची, कधी तर त्याच्या अंगावरूनच. तोच सेटर. १५७० मध्ये जॉन कीज या इंग्रज डॉक्टरनं अशा कुत्र्याचं वर्णन लिहून ठेवलंय. आता हे दबणं आलं कुठून? बोका चिमणीवर झेप घ्यायच्या आधी कसा थिजतो, तसंच कुत्र्यातही असतं, लांडग्यापासून आलेलं. माणसानं काय केलं तर जो कुत्रा जास्त वेळ थिजतो त्याचीच पिल्लं ठेवली, पिढ्यान् पिढ्या, आणि ती क्षणभराची थांबण मिनिटांची झाली. पॉइंटर उभ्या उभ्या तेच करतो.

रिट्रीव्हर म्हणजे पडलेला पक्षी आणून देणारा कुत्रा, लॅब त्यातलाच. त्याच्यात शिकारीचा शेवटचा टप्पा बोथट केला, पकडायचं पण चावून मारायचं नाही. लॅबचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांकडे थंड पाण्यातून दोर अन् मासे काढून आणायचे. १९ व्या शतकात मागून भरायच्या बंदुकी आल्या, पक्षी भराभर पडायला लागले आणि ते न चिरडता आणून देणारं तोंड लागू लागलं.

१८५९ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला पहिला डॉग शो झाला तो फक्त पॉइंटर आणि सेटरचा, आणि त्याच वर्षी डार्विननं लिहिलं की पॉइंटरची कोवळी पिल्लं पहिल्यांदा बाहेर नेल्यावरच कधी कधी पॉइंट करतात, म्हणजे पक्ष्याकडे रोखून थिजतात, एक उदाहरण त्यानं स्वतः पाहिलं होतं. वस्तू आणून देणंही काही अंशी वारशानं येतं असं तो म्हणतो. मग ट्रेनिंग कशाला? तर उपजत येतं ते फक्त शोधणं, थांबणं, उचलणं. गोळीच्या आवाजाला जागचं न हलणं, सांगितल्यावरच जाणं, हातात आणून सोडणं, हे शिकवावंच लागतं, आणि भित्र्या कुत्र्याला मारून ते कधीच येत नाही.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीत शिकारीचे परवानेच गेले, आणि ते योग्यच झालं. पण लॅबला कायदा कोण सांगणार बाप्पा, त्याच्या तोंडाला काम पाहिजे. चप्पल ओढून घेऊ नका, बदल्यात बिस्किट द्या, रोज दहा मिनिटं मैदानात बॉल फेका आणि त्यानं आणून दिला की शाबासकी द्या.